जीर्ण कशाला म्हणावे? पावसाळी जाकीट : दुरुस्ती की बदल



गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जुनी वस्त्रे टाकून नवी घेण्याचा दृष्टांत आहे. कीर्तनात, दहाव्याच्या प्रवचनात तो आपण शंभर वेळा ऐकतो. त्यावर आत्म्याबद्दल पुष्कळ बोलले जाते, वस्त्राबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पण आधी एक साधा प्रश्न आहे. वस्त्र जीर्ण झाले, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? दृष्टांतात ते गृहीत धरलेले आहे. घरात आपल्याला ते दर पावसाळ्याच्या तोंडाशी ठरवावे लागते.

आज आपण एकच वस्त्र समोर ठेवू. सायकलवाल्यांचे पावसाळी जाकीट. घडी करून मुठीएवढे होते, खोगिराखालच्या पिशवीत किंवा पाठीच्या खिशात बसते, ते. माणमधली आणि आटपाडीकडची तरुण मुले-मुली आता सायकलवर लांब जातात. दहिवडीहून पुसेगाव, वर्धनगडचा घाट, कोरेगाव, सातारा. काही जण पुढे कासला आणि महाबळेश्वरला. त्यांचा नेहमीचा प्रश्न असा : "सर, जाकीट गळतंय. टाकून नवं घ्यावं का?" हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. नीट उत्तर दिले तर पैसे वाचतात, आणि चुकीचे दिले तर घाटात माणूस काकडतो.

आधी आपला पाऊस

माण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला त्याच्या दहापट पडतो. शिवाय आपला पाऊस जून-जुलैत रिपरिप पडणारा नव्हे. बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परतीच्या वाटेवर येतो. दुपारपर्यंत ऊन, चार वाजता ढग, आणि मग अर्धा तास धो धो.

म्हणून इथे घडीचे जाकीट शहाणपणाचेच आहे. पाऊस येईल की नाही याचा भरवसा नसतो, तेव्हा वजनाला हलके काहीतरी कायम जवळ असावे. पण याचीच दुसरी बाजू बघा. आपले जाकीट वर्षातले साडेतीनशे दिवस पिशवीत असते. तेही पत्र्याच्या खोलीत, एप्रिल-मेच्या तापत्या उन्हाळ्यात. म्हणजे आपल्याकडची जाकिटे वापरून झिजण्याआधी ठेवून ठेवून कुजतात. हे आजच्या विवेचनातले पहिले सूत्र समजा.

जाकीट म्हणजे नेमके काय

मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भदंत नागसेन मिलिंद राजाला विचारतात, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी कळते की भागांच्या विशिष्ट जुळणीला आपण रथ हे नाव देतो. आपणही जाकिटाला तोच प्रश्न विचारू.

बाहेरचे नायलॉनचे कापड म्हणजे जाकीट का? नाही. ते नुसते असते तर पाणी आत आले असते. त्या कापडाच्या आतल्या बाजूला एक अतिशय पातळ पडदा चिकटवलेला असतो. बहुतेक हलक्या जाकिटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. महागांपैकी काहींत ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनचा असतो. ही टेफ्लॉन ताणण्याची युक्ती अमेरिकेत बॉब गोर यांना १९६९ साली सापडली, आणि त्यातून गोअर-टेक्स आले. पावसाचा थेंब या पडद्यातून आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. पाणी अडवायचे खरे काम हा पडदा करतो.

तिसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा एक लेप असतो. अळूच्या पानावर थेंब कसा गोळी होऊन घरंगळतो, तसा तो या लेपामुळे कापडावरून घरंगळतो. चौथा भाग म्हणजे शिवणींवर आतून गरम करून चिकटवलेली पट्टी. सुईने पडलेली भोके ती बुजवते. हा प्रश्न जुना आहे. १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबर घालून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. शिंपी त्या कापडाचे कोट शिवत आणि सुईच्या भोकांतूनच पाणी आत येई. शिवाय ते कोट उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठ होत. दोनशे वर्षे झाली, रसायने बदलली, पण शिवण आणि उष्णता हे दोन शत्रू तेच राहिले.

"गळतंय" याचे तीन अर्थ

आता मूळ तक्रारीकडे येऊ. "गळतंय" हा एकच शब्द, पण त्याचे तीन वेगळे अर्थ होतात. ते वेगळे केले की निम्मे काम झाले.

पहिला अर्थ : लेप गेला आहे. धूळ, घाम आणि साबणाचा राहिलेला अंश यांनी तो निकामी होतो. मग बाहेरचे कापड ओले होऊन अंगाला चिकटते. आतला पडदा शाबूत असतो, पण बाहेर पाण्याचा थर बसल्यामुळे वाफ बाहेर जाऊ शकत नाही. घाम आतच साचतो. माणसाला वाटते पाऊस आत आला. प्रत्यक्षात तो स्वतःच्याच घामाने भिजलेला असतो.

दुसरा अर्थ : एका जागी वाट झाली आहे. कापड काट्याने फाटले, शिवणीवरची पट्टी सुटली, किंवा चेन नीट मिटत नाही.

तिसरा अर्थ : पडदाच गेला आहे. पॉलियुरेथेन दमट हवेत आणि उष्णतेत हळूहळू विघटित होते. आत हात घातला की चिकट लागते, पांढरा कोंडा पडतो, कधी आंबूस वास येतो, घडीच्या रेषांवर पापुद्रे सुटतात.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बाहीवर चमचाभर पाणी टाका. थेंब गोळी होऊन घरंगळला तर लेप ठीक. कापडावर गडद डाग पसरला तर लेप गेला. मग संशयित जागेखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा, कापडाची वाटी करून तिच्यात पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. कागद कोरडा राहिला तर तिथून गळत नाही. शेवटी जाकीट उलटे करून उजेडात बोटांनी चाचपून बघा. एवढ्याने निदान होते.

दुरुस्ती

लेप गेला असेल तर आधी फक्त धुवा. कोमट पाणी, सौम्य द्रव साबण, कपडे मऊ करणारे द्रव अजिबात नको. दोन-तीनदा खळबळून साबण पूर्ण काढा, कारण राहिलेला साबणच पाणी ओढतो. पिळू नका, सावलीत वाळवा. मग आतल्या चिठ्ठीवर इस्त्रीची परवानगी असेल, तर वर सुती फडके घालून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने उरलेला लेप पुन्हा जागा होतो. पुष्कळ वेळा एवढ्यावर काम भागते. नाही भागले तर फवारायचा लेप मिळतो, तो लावा.

तो घेताना एक गोष्ट वाचून घ्या. जुन्या लेपांमध्ये फ्लोरिनची अशी रसायने असत, जी निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. त्यांपैकी पीएफओए या रसायनाचे नाव २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेले. फ्लोरिनविरहित लेप तेलकट डागापुढे कमी टिकतो आणि लवकर पुन्हा लावावा लागतो. पण पाणी कोणत्या विहिरीत मुरते याची काळजी माणच्या माणसाला शिकवावी लागत नाही.

फाटले असेल तर सुई-दोरा घेऊ नका. प्रत्येक टाका हे नवे भोक आहे. जागा स्पिरिटने पुसा आणि चिकटणारे जलरोधक ठिगळ बाहेरून लावा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. एक दिवस तसेच राहू द्या. शिवणीची पट्टी थोडी सुटली असेल तर शिवणीसाठी मिळणारा डिंक किंवा इस्त्रीने बसणारी पट्टी लावता येते. चेन बिघडली तर बहुधा फक्त रनर सैल झालेला असतो. पकडीने हलकेच दाबा किंवा शिंप्याकडून रनर बदलून घ्या. रनर गेला म्हणून जाकीट टाकणे म्हणजे कडी मोडली म्हणून दार विकणे.

जिथे दुरुस्ती थांबते

पण पडदा विघटित झाला असेल तर? इथे नागसेनांच्या रथापेक्षा आपली अडचण वेगळी आहे. रथाचे चाक काढून दुसरे बसवता येते. आपल्या सायकलचेही तसेच. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर, एकेक बदलत सायकल वीस वर्षे चालते. अशा वस्तूंना आम्ही जोडलेल्या वस्तू म्हणू. जाकिटाचा पडदा मात्र कापडाशी एकजीव केलेला असतो. तो काढून दुसरा बसवता येत नाही. ही एकजीव वस्तू. जोडलेल्या वस्तूला वय असते ते भागांना. एकजीव वस्तूला वय असते ते सबंध वस्तूला.

आपल्या धनगराच्या घोंगडीशी तुलना करून बघा. ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. जड असते, पूर्ण जलरोधकही नाही. पण लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही, भिजली तरी ऊब देते. फाटली तर रफू होते. मेंढपाळ तिची खोळ करून पावसात दिवसभर उभा राहतो. घोंगडी घेऊन घाट चढा, असे आमचे म्हणणे नाही. मुद्दा असा की घोंगडी हळूहळू, सांगून सांगून जीर्ण होते. जाकीट आतून मरते आणि वरून नवे दिसते. म्हणून त्याला विचारावे लागते.

आता निर्णयाचे सूत्र. पडदा शाबूत असेल तर दुरुस्त करा, वरून कितीही कळकट दिसो. पडदा जागोजागी सुटला असेल तर बदला, वरून कितीही झकास दिसो. मधल्या अवस्थेत हिशेब करा. समजा तीन हजारांचे जाकीट सहा पावसाळे टिकले, म्हणजे पावसाळ्यामागे पाचशे रुपये पडले. तीनशे रुपये खर्चून आणखी दोन पावसाळे मिळत असतील तर दर दीडशे पडला. दुरुस्ती फायद्याची. तेच तीनशे खर्चून एकही पावसाळा धड जाणार नसेल तर ते पैसे आणि तुमचा जीव, दोन्ही पाण्यात.

जीव म्हणालो ते अतिशयोक्तीने नव्हे. माणच्या उन्हातून निघालेले अंग घामाने भिजलेले असते. वर घाटात पाऊस, वारा आणि उतारावरचा वेग एकत्र आले की शरीराची उष्णता झपाट्याने जाते, बोटे आखडतात, ब्रेक दाबला जात नाही. म्हणून खात्री नसलेले जाकीट घेऊन पश्चिमेला जाऊ नका. त्याची बढती थांबवा, बदली करा. गावात जाता-येता वारा अडवायला ते चालेल, नाहीतर सायकलच्या खोगिरावर टाकायला चालेल.

नवे घेताना तीन गोष्टी बघा. पाठीमागचा भाग लांब असावा, रंग दुरून दिसणारा असावा, आणि काखेत किंवा पाठीवर हवा जायला जागा असावी. घरी आल्यावर पिशवीतून बाहेर काढून खुंटीला सैल टांगा, थंड आणि हवेशीर जागी. ओले कधीही घडी घालू नका. महिन्यातून एकदा घडीची जागा बदला. एवढ्याने त्याचे आयुष्य जितके वाढते, तितके कोणत्याही फवाऱ्याने वाढत नाही.

जुने टाकून नवे घेणे यात पाप काही नाही, दृष्टांतच तसा आहे. फक्त टाकण्याआधी ते खरोखर जीर्ण झाले आहे का, हे चमचाभर पाणी टाकून विचारायचे. पाणी खोटे बोलत नाही.