फळीतलं भोक

ओम, ती फळी बंबात घालू नको रे. इकडे आण, उजेडात धर. मुक्ता, तूही ये. काजूच्या कारखान्यात परदेशातून यंत्र आलं ना, त्याच्या खोक्याच्या या फळ्या. जळणाला होतील म्हणून मी मागून आणल्या. वास घेऊन बघा, अजून राळेचा वास येतोय. हे पाइनचं लाकूड, थंड मुलखातलं. याची पानं सुईसारखी, म्हणून सूचिपर्णी म्हणायचं. हिमालयातले चीड, कैल, देवदार हे याचेच सगेसोयरे.

आता हे भोक बघा. खिळ्याचं म्हणतोस? खिळ्याचं भोक गोल पडतं. हे चपटं, लांबट आहे, आणि आत भुसा ठासलाय. हे कुणीतरी जबड्यांनी कोरलंय.

आपल्या रायवळ आंब्याला भिरूड लागलं होतं, आठवतं? बुंध्याशी भुसा पडला होता. मी भोकात तार घालून अळी ओढून काढली, रॉकेलचा बोळा कोंबला आणि वर चिखल लिंपला. या फळीत राहून गेलेला त्याच भिरूडाचा लांबचा भाऊबंद. दोघेही लांबशिंगी भुंगेरे. शिंगं म्हणजे खरं तर मिशा, पण अंगापेक्षाही लांब आणि डौलात मागे वळलेल्या.

या कुळाला 1802 मध्ये लात्रेय नावाच्या फ्रेंच कीटकतज्ज्ञाने नाव दिलं, सेरांबिसिडी. त्या नावामागे ग्रीकांची एक जुनी कथा आहे. केरांबोस नावाचा धनगर ओथ्रिस डोंगरावर मेंढरं राखायचा. गाणं फार गोड, पण गर्व त्याहून मोठा. त्याने वनदेवतांची निंदा केली आणि त्यांनी त्याला लाकूड कुरतडणारा शिंगवाला किडा करून टाकलं. पोरं त्या किड्याचं डोकं घेऊन खेळायची, कारण दोन वाकड्या शिंगांचं ते डोकं त्यांच्या तंतुवाद्यासारखं दिसायचं. गाणाऱ्याच्या डोक्याचं वाद्य झालं! मला ही कथा फार आवडते. आणि गंमत बघा, यातल्या बऱ्याच भुंगेऱ्यांना चिमटीत धरलं की ते आजही आवाज करतात. मान खालीवर घासून चीं चीं करतात.

आजवर माहीत झालेल्या त्यांच्या जाती 35,000 च्या आसपास आहेत. एवढा गोतावळा ओळखायचा कसा? नुसत्या मिशा मोजून चालत नाही. पाइनच्या जंगलात याच कुळातले काही काळे, निशाचर भुंगेरे असतात, त्यांच्या मिशा अगदी आखूड. म्हणून जाणकार आणखी तीन ठिकाणी बघतात. पहिलं, डोळा. पुष्कळांच्या डोळ्याला खाच असते आणि मिशी त्या खाचेतून उगवल्यासारखी दिसते. डोळा तिला काजूगरासारखा वेढून असतो. दुसरं, तोंड. काहींचं तोंड पुढे झुकलेलं असतं, तर काहींचं कपाळ सरळ उभं आणि तोंड खाली, दावणीच्या बैलाने मान घातल्यासारखं. या खाली तोंडवाल्यांचं उपकुळ सगळ्यांत मोठं, लॅमिनी. आपलं भिरूड त्यातलंच, आणि या फळीतला पाहुणाही बहुधा त्यातलाच. तिसरं, अंग. फुलांवर बसणारे असतात ते निमुळत्या अंगाचे, मानेशी बारीक. हे सगळं एकदा डोळ्यांत बसलं की किडा हातात घेताच त्याची भावकी सांगता येते. हिंदुस्थानातल्या या कुळातल्या अनेक भुंगेऱ्यांची नीट मांडणी चार्ल्स गहान यांनी 1906 मध्ये एका जाड ग्रंथात केली. त्याच साली डेहराडूनला वन संशोधन संस्था उभी राहिली.

आता चला स्वीडनला. बर्फ नुकतं वितळतंय, पाइनचे ओंडके तोडून उन्हात टाकलेत. साल राखाडी, आणि त्या सालीवर सालीच्याच रंगाचा एक भुंगेरा बसलाय. अंग जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, पण नराच्या मिशा त्याच्या चौपट! लिनिअस या निसर्गतज्ज्ञाने 1758 मध्ये त्याची नोंद केली. तिथले लोक त्याला ‘टिमरमान’ म्हणतात, म्हणजे सुतार. त्याचा एक शेजारी आहे, काळा, तकतकीत. लिनिअसने त्याचं नाव ठेवलं ‘सुतोर’. हसू नका! लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मोची. इंग्रजीत मात्र त्याच्या कुळीला करवत्या म्हणतात, आणि मला तेच नाव पटतं.

का, ते सांगतो. करवत्याची मादी जिवंत, धडधाकट झाडाच्या बुंध्यात अंडी घालत नाही. तिथे राळ उसळून अंडं बुडेल. वादळात पडलेलं, आगीत होरपळलेलं, आजारी झाड तिला लागतं, आणि ते ती वासावरून शोधते. सालीखाली राहणारे दुसरे बारके भुंगेरे एकमेकांना बोलावायला जो गंध सोडतात, तोही तिला कळतो. जिथे ते, तिथे झाड दुबळं. मग ती सालीवर डोकं टेकवते आणि जबड्यांनी एक बारीक चीर पाडते. हळूच मागे वळते, शेपटीकडचं टोक त्या चिरेत घालते आणि एक अंडं सोडते. एका चिरेत बहुतेक एकच. एवढं काम ती घाई न करता, नेमकं करते.

अळी आधी सालीखालचा मऊ, गोडसर थर खाते. वाटेत त्या बारक्या भुंगेऱ्यांच्या अळ्या भेटल्या तर त्याही गट्ट करते. मोठी झाली की लाकडात शिरते, हे असं चपटं भोक पाडून. आत खोल जाते आणि वळून पुन्हा सालीजवळ येते, घोड्याच्या नालासारखी वाट करून. रात्री ओंडक्याला कान लावला तर खर्र, खर्र ऐकू येतं, जणू आत कुणी करवत चालवतंय. थंड मुलखात एकेका अळीची दोन-दोन वर्षं यात जातात. शेवटी सालीजवळ खोली करून ती कोषात जाते, आणि भुंगेरा होऊन बाहेर पडताना मात्र भोक कोरतो ते गोल गरगरीत. शिरताना चपटं, निघताना गोल, लक्षात ठेवा.

आणि या करवत्याला खायला कोण येतं? सुतारपक्षी! टकटक करून अळी नेमकी हुडकतो. मेलेलं झाड असं कितीतरी जणांचं घर चालवतं आणि त्याची माती व्हायला सुरुवात होते. स्वतःच्या जंगलात हा भुंगेरा कुणाचा वैरी नाही, हे माझं ठाम मत आहे.

मग भीती कशाची? ऐका. 1905 च्या सुमारास जपानमध्ये नागासाकीकडची पाइनची झाडं लाल पडून मरू लागली. वर्षानुवर्षं लोक भुंगेऱ्यांवर आळ घेत राहिले. पण करवत्या तर आधीच दुबळ्या झालेल्या झाडात अंडी घालतो. मग झाड दुबळं केलं कुणी? 1971 मध्ये कियोहारा आणि तोकुशिगे या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं की गुन्हेगार एक सूत्रकृमी आहे, एक मिलिमीटरही लांब नसलेला. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथल्या बहुतेक पाइनना त्याची सवय आहे, जपानच्या काळ्या आणि तांबड्या पाइनना नव्हती.

पुढच्याच वर्षी कळलं की त्याला वाहून नेतो तो करवत्याच. मेलेल्या झाडात करवत्याचा कोष उघडायच्या वेळी हे सूत्रकृमी त्या खोलीत जमतात आणि कोवळ्या भुंगेऱ्याच्या श्वासनलिकांत शिरून बसतात. एकेकात लाखाच्या वरसुद्धा सापडलेत. अंडी घालण्याआधी भुंगेऱ्याला जिवंत पाइनच्या कोवळ्या डहाळ्या कुरतडून पोट भरावं लागतं. त्या जखमेतून हे उतरतात. झाडाचं पाणी चढणं थांबतं आणि हिरव्या सुया तांबूस होतात. मरू लागलेल्या झाडाच्या वासाने मादी येते, अंडी घालते, की चक्र पुन्हा सुरू. 1979 या एका वर्षात जपानमध्ये सुमारे 24 लाख घनमीटर पाइन गेलं. त्यात किनाऱ्यावर वारा आणि वाळू अडवायला लोकांनी पिढ्यान् पिढ्या राखलेली राईही होती. वाचताना मला आपल्या सुरूच्या बनांची आठवण झाली आणि जीव कळवळला. 1999 मध्ये हाच सूत्रकृमी पोर्तुगालमध्ये सापडला.

समुद्र ओलांडून तो जातो कसा? अशाच फळ्यांतून. ही फळी उलटी कर, मुक्ता. तो डाग दिला आहे ना? चौकटीत गव्हाच्या ओंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं, आकडे आणि शेवटी ‘एचटी’. 2002 मध्ये जगभरासाठी नियम ठरला: लाकूड असं तापवायचं, की त्याच्या गाभ्यात 56 अंश सेल्सिअस उष्णता सलग 30 मिनिटं टिकली पाहिजे. अळी असो, सूत्रकृमी असो, आत काही जगत नाही. भोक तेवढं राहतं. न्हावाशेवा बंदरात उतरणाऱ्या खोक्यांवर हा शिक्का हवाच. हिमालयातली चीड आणि कैल त्याच्या भरवशावर उभी आहेत.

अरे, दिव्यावर काय धडकलं? पहिला पाऊस पडला की येतात हे. मारू नको, ओम, वाटी उपडी घाल. मुक्ता, तू बघ. पाठीवर मानेशी दोन नारिंगी ठिपके आहेत? आहेत ना? आता डोळा बघ.

“काजूगरासारखा आहे. आणि आजोबा, याचं तोंड खाली आहे.”

भिरूड. आता चिमटीत हळूच धर आणि कानाशी ने.