सशाचा रंग आणि सशाचा पहिला आठवडा

बाजारातून ससा घरी येतो तो बहुधा पुठ्ठ्याच्या खोक्यातून. झाकण उघडले की मुले भोवती जमतात आणि पहिला प्रश्न निघतो तो रंगाचा. कोणी त्याला राखी म्हणते, कोणी करडा, कोणी कबरा. हा खातो काय, हा प्रश्न त्यानंतर केव्हातरी निघतो. आणि त्याचे उत्तर म्हणून गाजर, पावाचा तुकडा, नाहीतर बशीभर दूध पुढे केले जाते. घरी आणलेली सशाची पिले पहिल्या पंधरवड्यातच दगावतात, त्याचे बीज पुष्कळदा या बशीत असते. रंगाविषयीची जिज्ञासा मात्र वावगी नाही. रंग नीट ओळखावयाचा तर केस उलटे सारून पाहावे लागतात, पोट, पंजे, कान आणि डोळे न्याहाळावे लागतात. आणि जो एवढे न्याहाळतो तो सशाची अर्धी देखभाल नकळत शिकून जातो.

आरंभीच एक घोटाळा दूर करणे बरे. मराठीत ज्याला ससा म्हणतात ती खरे पाहता दोन निराळी जनावरे आहेत. दख्खनच्या माळरानावर दिसणारा रानससा बीळ खणीत नाही; गवताच्या आडोशाला बसतो. त्याचे पिलू जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांचे असते. घरी पाळला जातो तो स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्स या भागांतील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. त्याची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात. त्यांचे डोळे सुमारे दहाव्या दिवशी उघडतात. रानसशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने तो पाळता येत नाही. गवत कापताना त्याचे पिलू एकटेच सापडले तरी ते पोरके आहे असे समजू नये. आई दिवसभर दूर राहते आणि अंधार पडू लागला की दूध पाजावयास येते.

आता रंग. पाळीव सशाच्या पाठीवर, केसांच्या उलट दिशेने, हलकी फुंकर घालावी. केस फुलासारखे उमलतात आणि मध्ये कातडी दिसते. मूळच्या रानटी रंगाचा ससा असेल तर या फुलात वर्तुळे दिसतील: कातडीलगत निळसर करडे, त्यानंतर तांबूस पिवळे आणि टोकाशी काळे. दुरून मातकट तपकिरी भासणारा रंग म्हणजे वस्तुतः एकाच केसावर रचलेले तीन पट्टे होत. अशा सशाचे पोट आणि शेपटीची खालची बाजू पांढरी असते, आणि डोळ्यांभोवती फिकट कडे असते. याच रचनेतून पिवळा पट्टा नाहीसा होऊन त्या जागी मोतिया पांढरा आला की चिंचिला रंग होतो. भारतातील ससेपालन केंद्रांत ‘सोव्हिएत चिंचिला’ ही जात पुष्कळ आढळते, ती हीच. घरची मंडळी तिला नुसती ‘राखी’ म्हणून मोकळी होतात. पण फुंकर घालताच राखी कुठेच नसते, असतात ती वर्तुळे.

फुंकर घातल्यावर वर्तुळे दिसलीच नाहीत, आणि पोटही पाठीसारखेच असले, तर तो एकरंगी ससा. यात मुख्य रंग चार: काळा, चॉकलेटी, आणि या दोहोंची विरळ रूपे, म्हणजे काळ्यापासून होणारा निळसर राखाडी आणि चॉकलेटीपासून होणारा फिक्कट जांभळट. सशाच्या शरीरात रंगद्रव्ये दोनच प्रकारची तयार होतात, एक काळे-तपकिरी आणि दुसरे पिवळे-तांबडे. ती किती बनतात, केसावर कोठे बसतात आणि दाट बसतात की विरळ, एवढ्यावर सारा पसारा उभा आहे. काळ्या सशाच्या पाठीवर लालसर झाक आली म्हणजे रंग बदलला असे नव्हे; उन्हाने विटलेला किंवा गळावयास आलेला तो जुना केस असतो.

पांढरा ससा सर्वांत सोपा वाटतो, पण फसवतो तोही. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशात रंगद्रव्य मुळीच नसते. डोळ्यात दिसतो तो रक्ताचा रंग. त्याला प्रखर उजेड सोसत नाही. समोरची वस्तू नीट कळावी म्हणून तो कधी मान संथपणे डावी-उजवीकडे हलवतो, तेव्हा घरच्यांना रोगाची शंका येते. निळ्या डोळ्यांचा पांढरा ससा अगदी निराळा. त्याच्या पांढरेपणाचे आनुवंशिक कारण दुसरेच आहे. लाल डोळ्यांचे नर-मादी एकत्र आले तर पिले लाल डोळ्यांचीच होतात, आणि दोन काळ्या सशांच्या पोटी मात्र एखादे शुभ्र पिलू निघू शकते, कारण पांढरेपणाचा घटक पिढ्यान्‌पिढ्या दडून राहतो. मेंडेलचे नियम 1900 साली पुन्हा उजेडात आले आणि 1905 साली इंग्लंडमध्ये हर्स्ट यांनी सशांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वनस्पतींचा नियम जनावरांनाही लागतो हे दाखवण्यात सशाने असा वाटा उचलला.

तिसरा पांढरा ससा सर्वांत मौजेचा. अंग पांढरे, डोळे लाल. परंतु नाक, कान, पंजे आणि शेपटी काळी. याला हिमालयन म्हणतात. याच्या शरीरातील रंग घडवणारे विकर उष्णतेने निकामी होते आणि गारव्यात काम करते. शरीराची जी टोके थंड राहतात ती काळी होतात, उबदार धड पांढरे राहते. पाठीवरचे केस काढून तेथे काही काळ बर्फाची पिशवी बांधली, तर नवे केस काळे उगवतात, हा प्रयोग जीवशास्त्राच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. घरट्यात गारठलेल्या हिमालयन पिलाच्या अंगावर करडी झाक येते आणि उन्हाळ्यात याच सशाची टोके फिकी पडतात. त्याच्या अंगावर हवामान लिहिलेले असते, असे म्हटले तरी चालेल.

ठिपक्यांच्या व पट्ट्यांच्या सशांत डच ससा चटकन ओळखू येतो: कपाळावर पांढरा पट्टा, पुढचे अर्धे धड पांढरे, मागचे रंगीत. दुसऱ्या एका प्रकारात नाकावर फुलपाखरासारखा डाग, डोळ्यांभोवती वर्तुळ आणि पाठीच्या कण्यावर रेघ असते. अशा दोन ठिपकेदार सशांची जोडी जमवली तर सरासरीने चारांतील एक पिलू जवळजवळ पांढरे, कानांवर आणि डोळ्यांभोवती तेवढा रंग असलेले निघते. दिसावयास ते गोजिरवाणे असले तरी त्यात मोठ्या आतड्याचा जन्मजात दोष असण्याचा संभव बराच असतो. त्याच्या लेंड्या मोठ्या आणि वेड्यावाकड्या पडू लागतात आणि पोट वारंवार तुंबते. रंग पाहून रोगाची चाहूल लागते ती येथे.

आठ आठवड्यांच्या पिलाचा रंग पाहून मात्र पैज मारू नये. बाळपणीचे केस गळून मोठेपणाचे केस येईपर्यंत पाच-सहा महिने जातात. फ्रान्समधील शँपेन प्रांताच्या नावाने ओळखला जाणारा रुपेरी ससा तर जन्मतो काळा आणि महिनोन्‌महिने हळूहळू रुपेरी होत जातो.

आणि येथेच खरी अडचण आहे: तो रंग पाहावयास पिलू तेवढे दिवस जगले पाहिजे. बाजारात पिले पुष्कळदा चार-पाच आठवड्यांची, आईच्या दुधावरून नुकतीच तुटलेली असतात. आठ आठवड्यांच्या आतील पिलू घेऊच नये. घेतेवेळी ते काय खात होते हे विकणाऱ्याला विचारावे आणि तेच खाणे आठवडाभर पुरेल इतके बरोबर आणावे. नवे खाणे त्यात थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल पुरा करावा. सशाच्या आंधळ्या आतड्यात चारा कुजवून पचवणाऱ्या सूक्ष्म जंतूंची वसाहत असते. पाव, पोळी, भात, बिस्कीट असे पिठूळ व गोड पदार्थ तेथे पोचले की ही वसाहत बिघडते, पोट फुगते आणि पिलू एका रात्रीत जाते. सशाला उलटी करता येत नाही, हेही ध्यानात असावे.

त्याचा खरा आहार म्हणजे वाळलेले गवत, ते समोर अष्टौप्रहर असावे. त्याशिवाय हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा व गाजराचा पाला द्यावा. लसूणघास वाढत्या पिलाला चालतो. मोठ्या सशाला त्यातील चुना जास्त होतो. गाजर ही मिठाई समजावी, बोटाच्या पेराएवढी. कांदा-लसूण देऊ नये, आणि अंगणात कण्हेर असेल तर ससा तिकडे मोकळा सोडू नये. गवत केवळ पोटासाठी नव्हे, दातांसाठीही हवे. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे 2 मिलिमीटर, आणि ते झिजतात ते गवत चघळूनच.

पहाटे ससा मान वळवून आपल्याच गुदद्वाराशी तोंड नेतो आणि मऊ लेंड्यांचा घोस गिळतो. हे पाहून घरातील वडीलधाऱ्यांना किळस येते. परंतु ‘ब’ जीवनसत्त्वे आणि प्रथिने त्याला त्यातूनच मिळतात. त्याला अडवू नये. मूत्र नारिंगी वा तांबडे दिसले तरी ते रक्तच असते असे नाही, पाल्यातील द्रव्यांनीही तसे होते. पांढऱ्या सशाच्या घरी हा डाग दिसतो आणि धावपळ होते. काळ्याच्या घरी तो कोणाच्या लक्षातही येत नाही. केसगळतीनंतर रंगीत सशाच्या कातडीवर निळसर चट्टे दिसतात, ते नवे केस उगवण्याचे चिन्ह होय. याउलट कानांच्या कडा, नाक आणि पंजे यांवर राखाडी खपल्या धरल्या तर ती खरूज. ती माणसालाही लागू शकते. गडद सशावर ती डोळ्यांना उशिरा दिसते, म्हणून तेथे बोटांनी तपासावे. नखांचेही तसेच. पांढऱ्या नखात आतली रक्तवाहिनी स्पष्ट दिसते, काळ्या नखात दिसत नाही. काळे नख कापताना मागून विजेरीचा उजेड धरावा आणि टोकच तेवढे उडवावे.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच आहे. सशाला घाम येत नाही. अंगातली ऊब तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. 30 अंशांच्या वर त्याला त्रास होतो आणि 35 च्या पुढे जिवावर बेतते. कुलूजवळील गारसा आणि कोडाईकनाल परिसरातील मन्नवनूर येथे सरकारी ससेपालन केंद्रे आहेत ती थंड डोंगरांत, हे सहज झालेले नाही. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे मे महिन्यात पारा 40 च्या आसपास वा त्याहून वर जातो, तेथे गच्चीवरचा पत्र्याचा पिंजरा म्हणजे भट्टीच. ससा घरात, फरशीवर, वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा. ओले गोणपाट टांगावे, बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी आणि कान पाण्याने पुसावेत. आंघोळ मात्र घालू नये; भिजलेला ससा भीतीने आणि गारठ्याने मरू शकतो. कान धरून उचलू नये, हे पुष्कळांना ठाऊक असते; मागचे धड हातावर पेलले पाहिजे, हे कमी लोकांना ठाऊक असते. अधांतरी लटकलेला ससा मागच्या पायांनी जोराची लाथ झाडतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो.

विकणारा ‘दोन माद्या आहेत’ म्हणून सांगतो. त्या वयात ते ओळखणे त्यालाही कठीण असते. चार महिन्यांच्या सुमारास जनावराच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी, कारण गर्भाचा काळ एका महिन्याचाच असतो आणि मादी विण्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. आणि ससा बारा तास काही न खाता कोपऱ्यात बसून राहिला तर उद्यावर ढकलू नये. माणसांची औषधे, विशेषतः तोंडाने द्यावयाची ॲमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन जातीची औषधे, घरच्या घरी कदापि देऊ नयेत. ती त्याच आतड्यातील वसाहतीचा नाश करतात. डॉक्टरांकडे जाताना शेवटचे गवत केव्हा खाल्ले, शेवटच्या लेंड्या केव्हा पडल्या आणि त्या केवढ्या होत्या, एवढे कागदावर लिहून न्यावे. रंग विचारला तर तोही सांगावा.