करीच्या दिवशीं गळ कोठें टाकावा?

श्रावण पाळणाऱ्या घरांत पोळ्याचा दुसरा दिवस, म्हणजे कर, हा सामिष भोजनाचा दिवस असतो, हें नागपूरकडील वाचकांस सांगावयास नको. महिनाभर आढ्याला खोंचून ठेवलेली गळाची काठी त्या दिवशीं खालीं उतरते, आणि कोराडीच्या आसपासच्या शेतकऱ्यास कोलार व कन्हान या दोन नद्यांची आठवण होते. परंतु सांजवेळीं रिकामी पिशवी घेऊन परतणारा मनुष्य बहुधा आपल्या नशिबास बोल लावतो. वास्तविक चूक नशिबाची नसून जागेची असते. ती जागा कशी निवडावी याचा विचार येथें करावयाचा आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत स्टीलहेड नांवाचा मासा समुद्रांतून अंडीं घालण्यासाठीं वर चढून येतो. तेथें कित्येक नद्यांवर मासेमारी खुली होण्याचा दिवस सरकारनें ठरविलेला असतो, आणि जाणते लोक त्या दिवसापूर्वींच कांठ पायीं हिंडून जागा हेरून ठेवतात. आपल्या नद्यांत तो मासा नाहीं; पण ही हेरून ठेवण्याची रीत आपल्याही उपयोगाची आहे. "गेल्या वर्षीं मासे कोठें लागले?" हा प्रश्न अपुरा होय. पुरानें वाळू हलते, डोह भरतात, नवे पडतात. खरा प्रश्न असा, कीं या वर्षीं माशास विसांवा, अन्न व आडोसा हीं तिन्ही एके ठिकाणीं कोठें मिळत असतील?

मासा दिवसभर धारेशीं झुंजत राहत नाहीं. तो संथ पाण्यांत थांबतो आणि शेजारच्या वाहत्या पाण्यानें आणलेलें खाद्य टिपतो. म्हणून वेगवान धार व संथ पाणी यांची जेथें शीव लागते, ती जागा पहिली समजावी. फेंस, काड्या व पानें एका रेषेंत वाहत जातात, त्यावरून ही शीव डोळ्यांस दिसते. मोठ्या कातळाच्या मागें पाणी मंद असतें. तसेंच कातळाच्या पुढेंही थोडें दबलेलें पाणी असतें, तें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. नदीच्या वळणावर बाहेरचा कांठ कापला जाऊन तेथें खोली येते व आंतल्या कांठास वाळू सांचते. म्हणून उभें राहावें आंतल्या वाळूवर आणि गळ पडावा बाहेरच्या खोलींत. अर्जुनसादडा, जांभूळ किंवा उंबर पाण्यावर ओणवा झाला असेल तर दुपारची सावली, पडणारीं फळें व किडे असा तिहेरी लाभ माशास होतो. पाऊस पडून गेल्यावर नाल्याचें मुखही चांगलें. शेतांतून वाहून आलेलीं गांडुळें प्रथम तेथेंच पोंचतात.

ही परीक्षा भर पावसाळ्यांत होत नाहीं. वैशाखांत पात्र उघडें पडलें असतां एकदां कांठानें चालत जावें. कपारी, कातळ, बुडालेलीं खोडें व वाळू काढल्यामुळें पडलेले खड्डे यांच्या खुणा कांठावरील झाडांशीं मेळ घालून वहींत टिपून ठेवाव्या. दोरीस दगड बांधून डोहाची खोली मापावी. पोळ्यास पाणी गढूळ असतां हीच वही डोळ्यांचें काम करते.

प्रत्येक जातीची राहणी निराळी, हेंही विसरूं नये. रोहू, कतला व मृगळ हे डोहाच्या कडेनें व वाहत्या पाण्याच्या शेजारीं वावरतात. कतला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत आणि मृगळ तळाशीं. मरळ मात्र संथ, गवताळ पाण्यांत असते. तिला हवेंतून श्वास घेण्याचें साधन असल्यानें ती मधून मधून वर येते आणि पाण्यावर वर्तुळ उमटतें. तें दिसलें म्हणजे तिचा ठाव लागला. वांब कपारींत व मुळांच्या जाळ्यांत दडलेली असते आणि बहुधा अंधार पडल्यावर बाहेर पडते.

करीच्या दिवशीं पाण्याचा रंग पाहून जागा ठरवावी. पाणी चढतें व लाल गढूळ असेल तर मुख्य पात्र सोडून नाल्याच्या मुखाशीं किंवा कांठालगतच्या वळचणींत गळ टाकावा, कारण धारेचा मारा चुकविण्यासाठीं मासे कडेस येतात. पाणी उतरतें असून वीतभर खोलीवरील पायाचीं बोटें दिसूं लागलीं असतील, तर धारेच्या शिवेवरची जागा उत्तम. पाणी चढत आहे कीं उतरत आहे हें समजण्यास कांठाशीं एक खुंटी ठोकून पाण्याच्या रेषेवर खूण करावी. ही खुंटी मासे मिळवून देते, त्याहूनही अधिक म्हणजे जीव वांचविते. बिना येथें कोलार व पेंच या दोन्ही नद्या कन्हानेस मिळतात. पेंचेवर तोतलाडोहाचें मोठें धरण आहे. तेथून पाणी सोडलें असतां कोराडीस थेंबभर पाऊस नसतांही संगमाखालीं पात्र फुगूं शकतें. खूण बुडूं लागली कीं मासा लागत असला तरी सामान आवरावें. वाळूच्या खड्ड्यांजवळ तर पाण्यांत उतरूंच नये. गुडघाभर पाण्यांतून पुढचें पाऊल दोन पुरुष खोलींत पडतें.

कोराडीकरांस आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. १९७४ पासून येथें औष्णिक वीजकेंद्र चालू आहे आणि त्याच्या उच्च दाबाच्या तारा शेतांवरून व नद्यांवरून गेल्या आहेत. हल्लींच्या लांब काठ्या कार्बनच्या धाग्याच्या असतात. त्यांतून वीज वाहते, आणि ओल्या बांबूचाही भरंवसा नाहीं. तारेखालीं कितीही सुरेख डोह असो, तेथें काठी उभारूं नये. विजा चमकत असतां तर कोठेंच उभारूं नये.

दुसरी गोष्ट राखेची. जुलै २०२२ मध्यें अतिवृष्टींत खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचा गाळ शेतांत शिरला व कोलार-कन्हानेंत उतरला. अशी राख तळाशीं बसली म्हणजे दगडगोट्यांमधील किडे गुदमरतात, अंडीं झांकलीं जातात व माशांचे कल्ले भरतात. तिच्यांत पारा व सोमल यांसारख्या विषारी द्रव्यांचाही अंश असतो. म्हणून जागा ठरविण्यापूर्वीं तळचा एक गोटा उचलून पाहावा. त्याखालीं किडे वळवळत असतील तर नदीचा तो भाग जिवंत आहे. गोट्यावर करड्या पिठासारखा थर असेल व किडा एकही नसेल, तर ती जागा सोडावी. तेथला मासा मुलांबाळांच्या ताटांत वाढूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाचें. आपले बहुतेक मोठे मासे पावसाळ्यांतच वितात. रोहू, कतला यांचीं अंडीं पुराच्या पसरट, उथळ पाण्यांत पडतात. मरळीची जोडी तर गवतांत घरटें करून अंड्यांवर पहारा करते आणि पुढें तांबूस पिल्लांच्या थव्याबरोबर फिरते. त्या वेळीं ती आमिषावर त्वेषानें धांवून येते व सहज सांपडते. परंतु राखणदार गेला कीं सारा थवा इतर माशांच्या पोटांत जातो. पोळा कधीं ऑगस्टांत तर कधीं सप्टेंबरांत येतो, आणि तोंवर वीण संपलेलीच असते असें नाहीं. यास्तव करीच्या दिवशीं बुडालेलें गवत व बांधांतील उथळ पाणी वर्ज्य करावें, लाल पिल्लांचा थवा दिसला तर तेथून निघून जावें, आणि पोट अंड्यांनीं तटतटलेली मादी लागल्यास गळ ओल्या हातानें काढून तिला पाण्यांत सोडावी. १८७३ सालीं फ्रान्सिस डे यांनीं हिंदुस्थानांतील गोड्या पाण्याच्या माशांविषयीं सरकारास अहवाल सादर केला, त्यांत वीण व पिल्लें यांच्या संहाराचीच तक्रार होती. १८९७ च्या कायद्यानें सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारणें हा गुन्हा ठरला. परंतु गवतांतील एका मरळीचें रक्षण कायदा करूं शकत नाहीं. तें गळ धरणाऱ्या हातानेंच करावयाचें असतें.

कांठचा जमीनमालक याहून अधिक करूं शकतो. कांठावरील झाडें तोडूं नयेत. त्यांच्या मुळांनीं माती धरून ठेवली जाते आणि सावलींत मासे राहतात. फवारणीचे पंप व औषधांचे डबे नदींत धुवूं नयेत. कपाशीवरील कीड मारणारें औषध माशासही मारतें. ज्या पाण्याचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल, तेथें संस्थेची परवानगी घेतल्याविना काठी उघडूं नये. ढीमर व भोई बांधवांचें पोट त्या पाण्यावर आहे, आपली ती एका दिवसाची हौस आहे. शिवाय डोहाची खोली व पाण्याची चाल त्यांच्याइतकी कोणास ठाऊक असणार? आदरानें विचारल्यास ते जागा दाखवितात आणि धोकाही दाखवितात.

ज्या बियाण्यावर पुढील हंगाम अवलंबून आहे तें दाणे दळून खाण्याची चूक शेतकरी करीत नाहीं. नदीचें बियाणें श्रावण-भाद्रपदांत उथळ गवतांत असतें. तेवढें राखून खोल पाण्याच्या शिवेवर गळ टाकला, तर करीचा बेतही साधेल आणि पुढच्या पोळ्यास नदी रिकामी सांपडणार नाहीं.