ओल सांगणारे यंत्र आणि उठणारा माणूस

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमारास अमेरिकेतून फोन आला. फोन करणारा आमच्याच गल्लीत वाढलेला, आता तिकडे नोकरीला असलेला मुलगा. त्याची आई अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आठ महिने अंथरुणाला खिळून आहे. इथे घरी थोरला भाऊ आणि वहिनी तिचे सारे करतात. मुलगा म्हणाला, "डॉक्टरकाका, इकडे डायपरला लावायचा सेन्सर मिळतो. डायपर ओला झाला की मोबाइलवर निरोप येतो. आईसाठी पाठवू का? दादा-वहिनींची रात्रीची झोप तरी होईल."

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. "दोन दिवसांनी सांगतो," म्हणालो. कारण फोन चालू असतानाच मला दुसरे एक घर आठवले होते.

काही वर्षांपूर्वी नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीवर मी पंधरा दिवसांतून एकदा एका आजोबांना पाहायला जात असे. त्यांनाही अर्धांगवायूच झाला होता. घर कष्टाळू. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की मुलगा उसाला पाणी द्यायला रानात. सूनबाई पहाटे चारला गोठ्यात. रात्री नऊला बांधलेला डायपर सकाळी सातला सुटायचा. पाकिटावर 'बारा तास कोरडेपणा' असे छापलेले, आणि एका डायपरला चाळीसेक रुपये पडत. मधे बदलायचा कशाला, असे त्यांना वाटले तर त्यांची चूक काय?

चूक माझी होती. मी जायचो, रक्तदाब बघायचो, साखर तपासायचो, छातीला नळी लावायचो, चहा घ्यायचो आणि निघायचो. आजोबांना कुशीवर वळवून त्यांची पाठ मी एकदाही पाहिली नाही. चौथ्या भेटीला खोलीत शिरताच वास आला. वळवून पाहिले तर कमरेखाली, माकडहाडाच्या वर, तळहाताएवढी जखम. मधोमध काळी पडलेली. दवाखान्यात हलवले, पण जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. अकराव्या दिवशी आजोबा गेले. घरच्यांनी मला बोल लावला नाही. सूनबाई एवढेच म्हणाली, "डॉक्टर, हाताला वरून कोरडंच लागायचं हो."

वाचकहो, आजचा विषय या एका वाक्यात आहे.

डायपर कोरडा का लागतो?

जुन्या काळी लंगोट सुती असे. बाळाने ओला केला की बाळ रडे, आईच्या हाताला ओल लागे, बिछान्याला डाग पडे. ओल लपत नसे. आताच्या डायपरमध्ये साखरेच्या दाण्यांसारखी दिसणारी एक पावडर असते. पाणी लागले की ती फुगते, तिची जेली होते आणि ती आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. आपल्या शेतकऱ्यांना हा प्रकार नवा नाही. कोरडवाहू जमिनीत ओल टिकावी म्हणून जे 'हायड्रोजेल' मातीत मिसळतात, त्याच जातीचा हा पदार्थ. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत सरकारी शेती-संशोधकांनी मक्याच्या स्टार्चपासून असा पदार्थ बनवला, तोही जमिनीतली ओल राखण्याच्या विचारातून. पुढे अशा पदार्थांची मोठी बाजारपेठ डायपरमध्ये निघाली.

सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण डायपरने ओल शोषली तशी ती लपवलीही. जेली किती भरली, हे वरून कळत नाही. लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तो तिचा पहारा असतो. अमोनियाने तो मोडतो. त्यात शौच मिसळले तर नुकसान आणखी जलद. ओलसर, मऊ झालेल्या कातडीवर अंगाचा भार सतत एकाच जागी पडला, की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि बेडसोअर, म्हणजे शय्याव्रण, सुरू होतो. ज्याला संवेदना नाही किंवा बोलता येत नाही, तो सांगणार कसा?

यंत्र काय करते?

ओल ओळखण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०४ साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयातल्या मुलांच्या बिछान्यात तारा बसवून घंटी जोडली. लघवीत क्षार असतात, त्यामुळे ओल झाली की विजेचा मार्ग जोडला जाई आणि घंटी वाजे. हेतू हा, की परिचारिकेला चादर बदलायची वेळ कळावी. गंमत अशी, की घंटीमुळे मुलांचे अंथरूण ओले करणेच कमी होऊ लागले! १९३८ साली अमेरिकेत मावरर पती-पत्नींनी हीच युक्ती उपचार म्हणून वापरली. अंथरूण ओले करणाऱ्या मुलांसाठी असा अलार्म आजही वापरतात.

नवी यंत्रे त्याच घंटीची नातवंडे. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी डायपरमधल्या जेलीखाली एक पातळ चकती बसवली. टोलनाक्यावर आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो ना, त्याच तत्त्वावर ती चालते. तिला बॅटरी लागत नाही. जेली कोरडी असताना चकतीचा संदेश पोहोचत नाही. ती भिजली की थोडी वीजवाहक होते, संदेश बळावतो आणि सुमारे एक मीटरवरचे यंत्र तो टिपते. अशी एक चकती दोन सेंटपेक्षा कमी खर्चात, म्हणजे आपल्या दोनेक रुपयांत बनू शकेल, असे त्यांनी सांगितले. अर्थात संदेश टिपणारे यंत्र त्याखेरीज.

अशा यंत्रांची गरज का वाढते आहे, ते जपानकडे पाहिले की कळते. तिथे म्हाताऱ्या माणसांची संख्या इतकी वाढली आणि जन्म इतके घटले, की ओजी या मोठ्या कंपनीने २०२४ साली देशातले लहान मुलांच्या डायपरचे उत्पादन थांबवून मोठ्यांच्या डायपरकडे लक्ष वळवायचे ठरवले. आपल्याकडे बाळे आहेत, पण गावोगावची तरुण मुले पुण्या-मुंबईला गेली आणि वाड्यात दोन म्हातारी माणसे उरली, हे चित्र आपल्या जिल्ह्यालाही परके नाही.

केवळ ओलच नव्हे, इतरही पहारे आता यंत्रे करतात. आयआयटीत शिकलेल्या दोन तरुणांनी काढलेल्या बंगळूरच्या 'डोझी' या कंपनीने गादीखाली घालायची एक पट्टी बनवली. हृदयाच्या ठोक्याने आणि श्वासाने शरीराला जे बारीक हादरे बसतात, ते ती टिपते आणि नाडी व श्वासाची गती दाखवते. अंगाला एकही तार लागत नाही. देशातल्या अनेक रुग्णालयांत ती वापरली गेली आहे. परिचारिका थोड्या आणि खाटा फार, अशा ठिकाणी याचे मोल मोठे आहे.

यंत्राला काय जमत नाही?

यंत्र सांगते, उठत नाही. हे वाक्य साधे वाटेल, पण सारी मेख इथेच आहे. त्या वस्तीवर सेन्सर असता तर रात्री एकला मोबाइल वाजला असता. मोबाइल मुलाच्या खिशात, मुलगा उसात. मग?

दुसरे असे, की फार वाजणारी घंटी कोणी ऐकत नाही. 'लांडगा आला रे' ही गोष्ट अतिदक्षता विभागातही रोज घडते. सतत वाजणाऱ्या यंत्रांना माणसे सरावतात. घरात तर चार थेंबांना वाजणारा सेन्सर तिसऱ्या रात्री बंद करून कपाटात जाईल.

तिसरे, सेन्सर ओल पाहतो, पाठ पाहत नाही. डायपर कोरडा असला तरी रुग्ण सहा तास एकाच अंगावर पडून असेल, तर शय्याव्रण होतोच.

चौथे, ओल का, हे त्याला कळत नाही. म्हाताऱ्या पुरुषाचा डायपर दिवसभर थेंबथेंब भिजत असेल तर प्रत्येक वेळी ताबा गेला असे समजू नये. प्रोस्टेट ग्रंथी वाढून किंवा मधुमेहाने मूत्राशय तुंबलेले असते आणि वरून सांडते. अशा वेळी ओटीपोट फुगलेले लागते. इथे डायपर नव्हे, डॉक्टर हवा. उलट डायपर सहा-आठ तास कोरडाच राहिला, तर 'बरे झाले, वाचला' म्हणू नका. अंगातले पाणी कमी झाले असेल, नाहीतर लघवी अडली असेल.

मग पाहणारा माणूस आणायचा कुठून? याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्याने जगाला दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल अरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पण काय पाहायचे, केव्हा पाहायचे आणि काय दिसले की कोणाला सांगायचे, हे त्या पक्के शिकल्या. या कामाची माहिती घ्यायला देशोदेशीची माणसे जामखेडला आली. घरातल्या माणसालाही तेवढेच शिकवावे लागते.

घरच्यांनी काय करावे?

१. डायपर तीन-चार तासांनी तपासा. वरून हात लावून नव्हे, उघडून. भरला असेल तर तेव्हाच बदला. शौच झाले असेल तर क्षणभरही थांबू नका.

२. दर दोन तासांनी कूस बदला. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. रात्री किती अंतराने बदलायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

३. दिवसातून एकदा, भरपूर उजेडात, कंबर, माकडहाड, दोन्ही नितंब, टाचा आणि घोटे पाहा. लाल डागावर बोट दाबा. डाग पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला, तर ती शय्याव्रणाची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जागा गरम, कडक किंवा गडद लागते का, ते पाहा. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

४. लाल जागा चोळू नका, स्पिरिट लावू नका, पावडरीचे थर देऊ नका. कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करा आणि झिंक ऑक्साइडचे मलम किंवा व्हॅसलीन पातळ लावा. भोक असलेली गोल उशी कमरेखाली घालू नका. कडेने रक्तपुरवठा दबतो.

५. भिंतीवर एक कागद चिकटवा: वेळ, डायपर, कूस, पाठ पाहिली का, आणि कोणी. त्या रात्री कोणाची पाळी, ते वर मोठ्या अक्षरांत लिहा.

आणि माझ्यासारख्या डॉक्टरांना एक विनंती: अंथरुणावरच्या रुग्णाला पाहायला गेलात, तर नाडीला हात लावायच्या आधी त्याला कुशीवर वळवा.

दोन दिवसांनी मी त्या मुलाला फोन केला. म्हणालो, "अरे, पाठव. उपयोग होईल. दादाला उगाच चार वेळा उठून पाहावे लागणार नाही. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाठव. रात्रीसाठी बाई ठेवायला दरमहा पैसे पाठव, म्हणजे आठवड्यातल्या तीन रात्री तरी वहिनी मोबाइल बंद करून झोपेल."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "काका, हे माझ्या लक्षातच आले नव्हते."

सेन्सर अजून यायचा आहे. रात्रीची बाई मात्र पहिल्या तारखेपासून येऊ लागली. परवा मी गेलो तेव्हा तिनेच आईंना हलकेच कुशीवर वळवले, दिवा जवळ धरला आणि म्हणाली, "बघा डॉक्टर." पाठ स्वच्छ होती. भिंतीवरच्या कागदावर मीही सही केली.