अबूधाबी ते दुबई : जवळ किती, दूर किती?

आपल्या बेटावरून मुंबईला जाणारी पुष्कळ कुटुंबे हल्ली दुबईमार्गे जातात. कोणी अबूधाबीत नोकरीला असलेल्या मुलालेकींना भेटून पुढे जातात. ‘दोन्ही एकाच देशात, म्हणजे जवळच!’ असे आपण सहज म्हणतो. ते कितपत खरे, हे पाहू या.

आपले मॉरिशस उत्तर-दक्षिण सुमारे 65 किलोमीटर लांब आहे. अबूधाबी ते दुबई रस्त्याने सुमारे 140 किलोमीटर, म्हणजे आपल्या बेटाच्या दुपटीहून अधिक! सरळ रेषेत मोजल्यास हेच अंतर 125 किलोमीटरच्या आसपास भरते. किनारा सपाट, वाटेत डोंगर नाही. म्हणून रस्त्याला फारसा वळसा पडत नाही. मोटारीने दीड तास लागतो. एवढ्याशा अंतरासाठी विमानतळावर दोन तास आधी कोण जाईल? म्हणूनच या दोन शहरांत लोक विमानाने नव्हे, मोटारीने किंवा बसने ये-जा करतात.

पूर्वी मात्र हा प्रवास सोपा नव्हता. अबूधाबी हेही एक बेटच. ओहोटी पाहून मक्ता येथे खाडी ओलांडावी लागे. तेथे पूल झाला तो 1968 मध्ये. दुबईच्या खाडीवरचा पहिला पूल 1963 चा. नवल असे की, शेजारच्या शारजात हिंदुस्थानकडे जाणारी इंग्रजांची विमाने 1932 पासून उतरत होती. आकाशातली वाट आधी झाली, जमिनीवरची मागाहून!

आता कामाची गोष्ट. दोन्ही शहरांचे विमानतळ वेगळे आहेत. एकीकडे उतरून दुसरीकडून पुढचे विमान धरायचे असेल, तर हातात पुरेसा वेळ ठेवा. दुबईत सकाळ-संध्याकाळ मोटारींची गर्दी असते. हिवाळ्यात पहाटे दाट धुके पडते. मार्च 2008 मध्ये याच महामार्गावर अशा धुक्यात सुमारे दोनशे वाहने एकमेकांवर आदळली आणि माणसे दगावली. आता अबूधाबीच्या हद्दीत धुके पडले की फलकांवर वेगमर्यादा 80 किलोमीटर दाखवली जाते. चालक हळू हाकतो म्हणून त्याच्यावर रागावू नये. चुकलेले विमान दुसऱ्या दिवशी मिळते. गेलेला माणूस मिळत नाही.

स्वतः मोटार चालवणार असाल तर ध्यानात असू द्या : तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, आपल्याकडे डाव्या.

एक सोय मात्र आहे. तेथील आणि आपले घड्याळ एकच. काटे फिरवावे लागत नाहीत. तेव्हा तिकीट काढताना नुसते भाडे पाहू नका, कोणत्या विमानतळावर उतरायचे आणि कोठून निघायचे तेही वाचा. वडीलधारी माणसे सोबत असतील तर दोन्ही विमाने एकाच विमानतळावरून घ्यावीत, चार पैसे जास्त पडले तरी, असे आम्ही सुचवतो.