त्यागाचे गोडवे पुरे, पगाराचे बोला!

५ सप्टेंबर आला की शाल-श्रीफळाचा बाजार भरतो. ‘शिक्षक म्हणजे त्यागमूर्ती’ हे वाक्य जो संस्थाचालक व्यासपीठावरून सर्वांत मोठ्या आवाजात म्हणतो, त्याच्याच शाळेतला शिक्षक कित्येकदा चार-चार महिने पगारावाचून राबत असतो. टाळ्या मात्र दोघेही वाजवतात!

शिक्षकाच्या त्यागाला अर्थ नाही, असे मला म्हणायचे नाही. अर्थ आहेच, पण तो हारात दिसत नाही. चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी नेहमी वाचत बसतो, हे कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी हेरले आणि त्याला पुस्तके पुरवली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा त्याच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. पुढे पैशाअभावी शिक्षण अडले, तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भीमराव आंबेडकर शिकले. या खटपटीचे वेतन गुरुजींना कोणी दिले नाही. १९३४ मध्ये ते गेले. नागपूरची धम्मक्रांती १९५६ ची. ती पाहायला गुरुजी कुठे होते?

आजही वस्तीतल्या शाळेत एखाद्या बाई परीक्षेची फी आपल्या पर्समधून भरतात, गळती झालेल्या मुलीच्या घरी चार खेपा घालतात. मुलीला ते कळतही नाही. हा त्याग स्वखुशीचा आहे, त्यापुढे आपण नतमस्तक व्हावे.

परंतु शासनाने आणि शिक्षणसम्राटांनी लादलेला त्याग निराळा. विनाअनुदानित शाळांपुढचा ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये निघाला. पुढे अनुदान आले ते २० टक्के, ४० टक्के अशा तुकड्यांनी. दरम्यान शिक्षकांची उमेद वर्गात आणि तारुण्य आझाद मैदानात सरले. शिक्षणसेवकाला तर २०२३ पर्यंत प्राथमिक शाळेत दरमहा ६ हजार रुपये मिळत. त्या वर्षी ते १६ हजार झाले. याला पगार नव्हे, मानधन म्हणतात. मान आणि धन, दोन्ही बेताचेच! महार वतनाच्या राबणुकीलाही ‘वतन’ असे मानाचे नाव होते, आणि बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध विधेयक आणले ते उगाच नव्हे.

उदात्ततेची ही माळ कोर्टातही शिक्षकाच्याच गळ्याला फास होते. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले की, शिक्षण हे उदात्त कार्य असल्याने शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यात ‘कामगार’ ठरत नाही. म्हणजे काम थोर, म्हणून संरक्षण नाही! २००४ मध्ये ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही शिक्षक ‘कर्मचारी’ ठरला नाही. तेव्हा संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना तो हक्क दिला. खासगी शाळांनी त्यालाही आव्हान दिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. त्यागमूर्तींचे पूजन करणाऱ्यांना त्यांची ग्रॅच्युइटी एवढी जड का जावी?

आपल्या समाजातील डी.एड., बी.एड. झालेली हजारो मुले-मुली अशा शाळांत आहेत. आई-बापांनी दागिने मोडून त्यांना शिकवले, म्हणून हा प्रश्न चळवळीचा आहे. जयंतीच्या वर्गणीतून एखादा कायदा सल्ला वर्ग घ्यायला काय हरकत आहे?

महाराष्ट्रात खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. कामावरून काढले तर कलम ९ प्रमाणे ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. माझ्याकडे येणारे बरेच शिक्षक ती मुदत उलटल्यावर येतात. उशीर का झाला विचारले, तर खाली मान घालून सांगतात, ‘वकीलसाहेब, दहावीच्या पोरांची परीक्षा तोंडावर होती.’ विलंब माफीच्या अर्जात मी हेच कारण लिहितो.