झाडपाला कुठवर, दवाखाना कुठून



गटाची बैठक संपत आली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की खऱ्या गप्पा सुरू होतात. कुणाच्या सुनेला कावीळ झालेली असते, कुणाच्या मालकाची साखर वाढलेली असते. मग कुणीतरी सांगतं, अमक्या गावचा माणूस औषध देतो, पैसे घेत नाही, नारळावर भागवतो. आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं : "झाडपाल्याचंच आहे बाई, गुण नाही आला तरी बाधणार थोडंच आहे?"

आज या वाक्याबद्दल बोलायचं आहे. मला झाडपाला वाईट वाटत नाही. माझ्याही दारात तुळस, अडुळसा, कोरफड आहे. पण "बाधणार थोडंच" हे काही खरं नाही, आणि ते का खरं नाही हे आपण बायांनी नीट समजून घ्यायला हवं, कारण घरात कोण आजारी पडलं तर पहिला निर्णय आपल्याच पदरात पडतो.

निसर्गोपचार म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते उरुळी कांचनचं. पुण्याहून सोलापूरकडे जाताना लागणारं हे गाव. मार्च 1946 मध्ये महात्मा गांधी तिथं आठवडाभर राहिले आणि गावातल्या गोरगरिबांना तपासून उपचार सांगू लागले. काय सांगत होते ते? कोवळं ऊन घ्या, पोटावर मातीची पट्टी ठेवा, कटिस्नान करा, फळांचा रस घ्या, स्वच्छ पाणी भरपूर प्या, घर-गल्ली झाडा, रामनाम घ्या. यात गुप्त मुळी नाही, मंत्र फुंकलेला दोरा नाही, पुडी नाही. म्हणजे जे कुणालाही घरी करता येईल आणि ज्यासाठी कुणापुढं हात पसरावा लागणार नाही, त्याला गांधीजी निसर्गोपचार म्हणत होते. तिथं उभा राहिलेला निसर्गोपचार आश्रम आजही चालू आहे.

याच गांधीजींची दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. जानेवारी 1924 मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांच्या पोटात भयंकर दुखायला लागलं. आंत्रपुच्छ सुजलं होतं, म्हणजे आपण ज्याला अपेंडिक्स म्हणतो ते. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेलं आणि कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरांनी रात्री ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, तर कंदिलाच्या उजेडात ते पुरं केलं. मातीच्या पट्टीवर ज्यांचा एवढा विश्वास, त्यांनीही त्या रात्री मातीची पट्टी मागितली नाही. फुटायला आलेलं अपेंडिक्स वाट बघत नाही.

आश्रमाची धुरा ज्यांनी वाहिली ते मणिभाई देसाई. त्यांनीच 1967 मध्ये बाएफ ही संस्था काढली आणि गावठी गाईंना संकरित रेतन देऊन दूध वाढवण्याचं काम खेड्यापाड्यांत नेलं. निसर्गोपचाराच्या आश्रमातला माणूस आणि गोठवलेलं वीर्य! काहींना हे उलटं वाटेल, मला नाही वाटत. याच बाएफची साथ पुढं आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना मिळाली. घरातली लहान मुलं सारखी आजारी पडतात, हे खाण्यातून होतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्या गावठी बियाणं जपू लागल्या. त्यांना 2020 सालचा पद्मश्री मिळाला हे तुम्हाला माहीत आहेच. पण राहीबाईंच्या बियाणं बँकेत गेलं की काय दिसतं? कोणतं बी कोणतं, त्याची पेरणी कधी, गुण काय, याची माहिती. बी उगवतं की नाही हे पेरून दिसतं, तिथं थाप चालत नाही. जुनं ज्ञान असं तपासून घेतलं की ते पुढच्या पिढीपर्यंत टिकतं.

आता आपल्या दारातली झाडं बघा. अडुळशाचा काढा खोकल्यावर आजीनं दिला, तो उगाच नव्हता. अडुळशातल्या एका द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झालं आणि ते आजही खोकल्याच्या बाटलीत असतं. चीनमध्ये तर थू योयो नावाच्या बाईंनी जुन्या वैद्यकाच्या ग्रंथात वाचलेल्या वनस्पतीतून हिवतापाचं औषध शोधलं आणि त्यांना 2015 चं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे झाडपाल्यात औषध असतं, यात शंका नाही.

आणि औषध असतं म्हणूनच ते बाधूही शकतं. सदाफुली घ्या. साखर उतरते म्हणून सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची फुलं-पानं चावणाऱ्या बायका मला गटागटात भेटतात. याच सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध काढतात आणि ते लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर देतात. किती जहाल असेल विचार करा. ते मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासून, शिरेतून देतात. आपण मात्र "चार-पाच पानं" म्हणतो. कोणती चार, लहान की मोठी, उन्हाळ्यातली की पावसाळ्यातली? बिब्ब्याचंही तेच. त्याचा डाग पडून कातडी भाजलेली मुलं आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत.

मग प्रश्न येतो, ताई, पण लोकांना गुण येतो त्याचं काय? येतो ना. कावीळ घेऊ. आपल्याकडे दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप बरी होते. विश्रांती, हलकं जेवण, पाणी एवढं पुरतं. त्या काळात गळ्यात माळ घातली तर माळेला श्रेय, नाकात रस सोडला तर रसाला श्रेय. ती माळ लांब होत जाते आणि "कावीळ उतरली" म्हणतात, तेही नीट बघा. ओल्या काड्यांना दोऱ्याचे फास देऊन ती गुंफलेली असते. काड्या वाळून बारीक होतात, फास सैल पडतात, दोरा मोकळा होतो. निरोग्या माणसाच्या गळ्यात घातली, नुसती खुंटीला टांगली, तरी ती वाढते. हात धुताना पिवळं पाणी निघतं तेही तसंच : आंब्याच्या सालीचा रस हाताला लावायचा आणि वरून चुन्याची निवळी ओतायची. करून बघा, घरच्या घरी होतं.

यात गंमत वाटते, पण एक जागा अशी आहे जिथं गंमत संपते. दिवस गेलेल्या बाईला, त्यातही सातव्या महिन्यानंतर, कावीळ झाली तर ती जीवघेणी ठरू शकते. अशा बाईला माळेसाठी एक दिवसही थांबवू नका.

सापाचं याहून वाईट. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणून देवळात नेलेली, देवऋष्यानं लिंबाचा पाला फिरवलेली बरीच माणसं उठून घरी येतात आणि त्यांची कीर्ती पंचक्रोशीत होते. जी येत नाहीत त्यांच्याबद्दल "नेताना उशीर झाला" म्हणतात. उशीर झालेलाच असतो, पण देवळात नेण्यात नव्हे, दवाखान्यात नेण्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मुंबईची हाफकिन संस्था ती बनवते, घोड्याला थोडंथोडं विष टोचून, त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यातून. इतकं नैसर्गिक औषध दुसरं कुठलं सांगू तुम्हाला?

मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत बसू नका. चावलेल्या जागी कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. बांगड्या, जोडवी, अंगठी लगेच काढा, कारण सूज आली की त्या रुततात. हात-पाय काठीला बांधून न हलता ठेवा, चालवू नका आणि 108 ला फोन लावा.

विंचवावर तर आपल्याच मातीतल्या डॉक्टरांनी इलाज शोधला. डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात महाडच्या बाजूला काम करत होते. लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत जात होती आणि पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी देऊन पाहिली, आणि 1980 च्या दशकात लॅन्सेट या विलायतेच्या साप्ताहिकानं ते काम छापलं. आडवाटेचं विज्ञान म्हणायचं तर ते हे. मोठी प्रयोगशाळा नव्हती, पण प्रत्येक रुग्णाची नोंद होती, जगला त्याची आणि मेला त्याचीही. देवऋष्याकडे दुसरी वही नसते.

साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत.

हे सगळं शिकलेल्या माणसांचं काम, असं म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. नर्सबाई खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. जुलाब झालेल्या लेकराचं पाणी तोडायची तेव्हा रीत होती. या बायकांनी घरोघर सांगितलं, पाणी तोडू नका, पाजा : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. किती साधं आणि किती घरगुती, पण मोजलेलं. प्रकल्पाच्या नोंदीप्रमाणे 1971 मध्ये तिथं हजारांत 176 बाळं वर्षाच्या आत जात होती, 1996 पर्यंत हा आकडा 26 वर आला.

म्हणून मी गटात एकच गोष्ट विचारते : या दुखण्यात आपल्याजवळ वेळ आहे का? सर्दी, साधा खोकला, अपचन, अंगदुखी यांत वेळ आहे, तिथं काढा घ्या, शेक घ्या. साप, पोटात असह्य कळ, गरोदरपणातली कावीळ, तापात झटके, बाळानं दूध सोडणं यांत वेळ नाही. आणि साखर, रक्तदाब फसवे आहेत. तिथं वेळ आहे असं वाटतं, पण गोळी किंवा इन्सुलिन बंद करून पुडी सुरू केली की आतून मूत्रपिंड, डोळे जात राहतात, कळत नाही. काढा घ्यायचाच तर डॉक्टरांना सांगून घ्या, गोळी मात्र चालू ठेवा.

आणखी एक. अलीकडे गटाच्या बैठकीतच गाडीतून माणसं येतात, डबे मांडतात, "मधुमेह मुळासकट जाईल" सांगतात आणि दहा बायका जोडल्या की कमिशन देतात. 1954 च्या केंद्राच्या कायद्यानुसार मधुमेह, कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरातच करता येत नाही. डब्यावर परवाना क्रमांक आणि बनवणाऱ्याचा पत्ता बघा. नसेल तर गटाच्या वहीतून एक रुपयाही त्यासाठी कर्जाऊ देऊ नका, आणि आपल्या शेजारणीला विकू तर नकाच.

पुढच्या बैठकीला आशाताईंना बोलवा. सापाची लस आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे की ग्रामीण रुग्णालयातच, रात्री डॉक्टर असतात का, गाडी कुणाची मिळेल, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पावसाळ्याच्या आत लिहा.